हलका खर्रा

नागपूरच्या दंत महाविद्यालयात डॉक्टर मॅडमनी तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला सांगितली. प्रस्तुत लेखकाचं एक बोट आत गेलं, दुसरं अर्ध्यावर अडलं. तिसऱ्याचा प्रश्नच उरला नाही. मॅडमनी पट्टी लावून वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर मोजलं आणि केसपेपरवर लिहिलं: २२ मिलिमीटर. मोठ्या माणसाचं तोंड चाळीसच्या आसपास उघडतं, एवढंच त्या बोलल्या. मग विचारलं, "किती वर्षं खाता?" लेखकाने घाईघाईने उत्तर दिलं, "मॅडम, मी हलका खातो. तंबाखू अगदी नावाला." मॅडमनी लिहिता लिहिता मान वर केली आणि विचारलं, "आणि सुपारी?"

सहा वर्षांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. सगळा घोटाळा त्याच एका शब्दात होता.

(स्वतःबद्दल 'मी' म्हणून लिहायला बसलं की राग आवरत नाही. म्हणून इथे 'लेखक' असंच म्हटलं आहे. घडलेलं मात्र अक्षर न् अक्षर खरं आहे.)

लेखकाच्या चामोर्शीत (जि. गडचिरोली) खर्रा काय असतो हे सांगावं लागत नाही. पण घोटणाऱ्याचा हात म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण माणूस फसतो तो तिथेच. पन्नीवर मूठभर बारीक सुपारी, वर चिमूटभर तंबाखू, बोटाच्या पेरावर मावेल एवढा चुना, पाण्याचे दोन थेंब. पन्नी दुमडायची आणि तळहाताखाली रगडत राहायची. हळूहळू सुपारीचा कोरडा रंग जातो, सगळं एकजीव होऊन तपकिरी, ओलसर दिसू लागतं. मग पुडीला रबर. प्रत्येक पानठेल्याचं प्रमाण निराळं असतं, ते कुठे लिहिलेलं नसतं आणि गिऱ्हाईक तीन ठेले ओलांडून चौथ्यावर जातं ते या हातासाठीच. चामोर्शीजवळच्या मार्कंड्याच्या यात्रेत परगावची माणसंसुद्धा ठरावीक ठेला शोधत हिंडतात.

छोट्या प्रमाणात, हाताने, गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे केलेल्या मिश्रणाचं हे वेड फक्त आपल्याकडचं नाही. पाइप ओढणाऱ्यांमध्येही ते आहे. धुरावर वाळवलेला लटाकिया, लुइझियानात पिंपात दाबून मुरवलेला पेरीक, गोडसर व्हर्जिनिया अशी पानं निरनिराळ्या प्रमाणात मिसळणारे लहान कारागीर तिथे आहेत आणि त्यांचा एकेक डबा मिळवण्यासाठी शौकीन धडपडतात. तिथला शौकीन काय किंवा चामोर्शीतला काय, दोघांचीही समजूत एकच असते: कारखान्यातला माल वाईट, ओळखीच्या माणसाने आपल्यासाठी केलेला माल चांगला. लेखकाचीही हीच समजूत होती. गुटख्याची पुडी त्याने आयुष्यात फोडली नाही, याचा त्याला अभिमान होता.

लेखक ज्याच्याकडे जायचा, त्या ठेलेवाल्याने हा अभिमान बरोबर हेरला. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, "सर, तुमच्यासाठी येगरा घोटतो. हलका. काई होत नाई." सर म्हणवून घ्यायला लेखक मास्तर नाही, पतसंस्थेत आहे, पण ऐकायला बरं वाटलं. मग मिश्रणं बदलून पाहण्याचा सिलसिला सुरू झाला. आधी भाजकी सुपारी, नंतर कच्ची. एक महिना चुना कमी, पुढचा महिना जास्त. तंबाखू दर दोन-चार महिन्यांनी आणखी कमी. तंबाखू कमी केली की पुडी भरायला तेवढीच सुपारी वाढायची. लेखकाला वाटायचं, आपण सुटत चाललो आहोत.

चुन्याची गोष्ट तर नंतर कळली. चुना क्षारधर्मी आहे. तो तंबाखूत मिसळला की निकोटीन मोकळं होतं आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतून लवकर रक्तात उतरतं. तंबाखू निम्मी केली आणि चुना थोडा वाढवला, तरी चव हलकी लागते आणि तलफ मात्र पुरेपूर भागते. 'कमी तंबाखूतही तेवढीच मजा येते' म्हणून ज्या हाताचं लेखक चारचौघांत कौतुक करायचा, त्या हाताची सगळी करामत ही एवढीच.

सुपारीचं काम याहून भयंकर. तिच्यातलं अरेकोलीन गालाच्या आतल्या पेशींना जास्त तंतू बनवायला लावतं आणि बनलेले तंतू मोडू देत नाही. गाल आतून ताठ होतो, पांढरट पडतो, दोरीसारखे पट्टे हाताला लागतात आणि तोंड मिटत जातं. हा आजार मुंबईकर डॉक्टरांना सत्तर वर्षांपूर्वीच ठाऊक होता. डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये त्याचं वर्णन करून त्याला 'सबम्युकस फायब्रोसिस' हे नाव दिलं. डॉ. जे. सी. पेमास्टर यांनी १९५६ मध्ये त्यातून कर्करोग होऊ शकतो हे दाखवून दिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ मध्ये नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, कर्करोगकारक ठरवलं. म्हणजे ठेलेवाल्याने 'हलका' म्हणून जे वाढवत नेलं, तेच तोंड बंद करणारं होतं.

खुणा आधी दिसत होत्या. त्या इथे मुद्दाम लिहितो आहे, कारण एकानेही त्या वेळेवर सांगितल्या नाहीत. पहिली खूण जेवणातली. वरणात मिरची पडली की तोंडाची आग व्हायची. घरून विचारणा झाली, "अवो, तुमी तिखट काऊन नाई खात आता?" लेखकाने ॲसिडिटी सांगितली आणि घरात निराळं वरण शिजू लागलं. दुसरी खूण शिट्टीची: ओठ गोल होईनात. तिसरी खूण भाच्याच्या वाढदिवसाला दिसली. फुगा फुगवायला घेतला तर गाल फुगेचनात, हवा ओठांच्या कडेने निसटली. पोरं हसली, लेखकही हसला आणि फुगा दुसऱ्याकडे दिला. त्या दिवशी आरशासमोर उभं राहून तोंड उघडून पाहिलं असतं तर दीड वर्ष वाचलं असतं.

नागपूरहून परतल्यावर लेखक त्या ठेल्यावर गेला. भांडायला नाही, नुसतं सांगायला. संध्याकाळची वेळ, चार-पाच गिऱ्हाइकं उभी. केसपेपर खिशात होता. सगळं ऐकून घेताना ठेलेवाल्याचा तळहात पन्नीवरून हलला नाही, कोणाची तरी पुडी घोटणं सुरूच होतं. वर न बघता तो म्हणाला, "तुमीच तं सांगले होते सर, सुपारी जास्त टाक मनून." मग रबर लावून पुडी पुढच्याला दिली आणि पैसे गल्ल्यात टाकले.

हे वाक्य अजून टोचतं. होय, 'सुपारी जास्त टाक' असं लेखक म्हणाला होता. पण तंबाखूच काय ती वाईट, सुपारी निरुपद्रवी, हे आधी कोणी पढवलं होतं? रोज शंभर पुड्या घोटणाऱ्याला आपल्या गिऱ्हाइकांची तोंडं मिटताना दिसत नाहीत? त्याच वेळी बाजूच्या पोत्याकडे लक्ष गेलं. साध्या खर्ऱ्याला आणि 'सरांच्या येगऱ्या' खर्ऱ्याला सुपारी त्याच एका पोत्यातली होती, कडेला बुरशीने पांढरी झालेली. सडक्या सुपारीच्या व्यापाराचं प्रकरण नागपूर खंडपीठापुढे गेल्याचं लेखकाने वर्तमानपत्रात वाचलं होतं. ती सुपारी शेवटी कुठे जाते, ते तिथे उभ्या उभ्या कळलं.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पुढे सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही बंदीत आली. शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांच्या आत आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कंपनीच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग सडलेल्या तोंडाच्या चित्राने आणि इशाऱ्याने झाकावा लागतो. पण पन्नीवर काय छापणार? तिच्यावर ना इशारा, ना घटक, ना तारीख. 'तुम्हाला ठाऊक नव्हतं का' असं आता जे विचारतात, त्यांनी एक पुडी हातात घेऊन तिच्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवावं.

गडचिरोली जिल्ह्याने लोकांच्या रेट्यावर १९९३ मध्ये दारूबंदी मिळवली. पण ज्या घरांनी दारूविरुद्ध मोर्चे काढले, त्याच घरांतल्या पोरांच्या खिशात आज खर्रा आहे आणि त्याला कोणी व्यसन म्हणत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे चार टक्क्यांच्या आत होते आणि तोंडात तंबाखू ठेवणारे चोवीस टक्के. धूर निघत नाही म्हणून हे कोणाच्या नजरेत येत नाही.

आता ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी.

महिन्याच्या एक तारखेला आरशासमोर उभे राहा आणि मधली तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घाला. तिन्ही गेली नाहीत तर पुढच्या महिन्याची वाट पाहू नका. गालाचा आतला भाग अंगठ्याने चाचपा, दोरी लागली की दंतवैद्य गाठा. तिखट झोंबू लागलं तर ॲसिडिटीच्या गोळ्या घेत बसू नका. लेखकाने आठ महिने घेतल्या.

हलका, घरगुती, बिनतंबाखूचा, गोड सुपारीचा, असा कुठलाही पर्याय स्वीकारू नका. सोडायचं तर सुपारीसकट सोडा. तंबाखू सोडून सुपारीवर राहिलेली माणसं दंत महाविद्यालयाच्या बाकावर लेखकाच्या शेजारीच बसलेली होती.

सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस फार जड जातात, चिडचिड होते, झोप लागत नाही. तलफ येते ती काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ ठेल्याच्या रस्त्यावर असू नका. लेखकाने कचेरीत जायचा रस्ता बदलला आणि खिशात बडीशेप ठेवली. ज्या मित्रांबरोबर दुपारचा खर्रा चालायचा, त्यांच्याकडे महिनाभर जाणं बंद केलं. ते रागावले. त्यांच्यापैकी एकानेही अजून तब्येत विचारलेली नाही.

१८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत फोन नंबर आहे. शोधग्रामच्या 'सर्च'च्या, म्हणजे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या संस्थेच्या सहभागाने जिल्ह्यात 'मुक्तिपथ' या व्यसनमुक्ती कार्यक्रमाचं काम चालतं, त्यांची माणसं भेटतात, त्यांना लाजू नका. व्यायाम करा, पाणी प्या, भाज्या खा, हे सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे.

पैशाचा हिशेब एकदा कागदावर मांडा. वीस रुपयांची पुडी, दिवसाला चार, म्हणजे महिन्याला २,४०० रुपये. सहा वर्षांचे १,७२,८०० होतात. उधारीची वही ठेलेवाल्याकडे असते, तुमच्याकडे नसते. म्हणून हा आकडा आजवर डोळ्यांसमोर आला नाही.

आणि ज्यांचं तोंड आधीच मिटायला लागलं आहे त्यांना खोटा धीर देत नाही: ताठ झालेला गाल खर्रा सोडल्यावर पूर्ववत होत नाही. आजाराची वाढ रोखता येते, उपचारांनी आणि रोजच्या व्यायामाने तोंड काही मिलिमीटर परत मिळवता येतं, आणि कर्करोगाची तपासणी मात्र कायम करत राहावी लागते. लेखकाला सांगितलेला व्यायाम साधा आहे. आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि जमेल तशी एकेक वाढवायची. जबरदस्ती करायची नाही. काड्या धुऊन कोरड्या ठेवायच्या. सकाळी पाच मिनिटं, रात्री पाच मिनिटं.

एक काडी सुमारे दोन मिलिमीटरची. सुरुवातीला अकरा काड्या जेमतेम मावत होत्या. चौदा महिन्यांनी आज सकाळी चौदावी काडी आत गेली. गाल ताणून दुखला, डोळ्यांत पाणी आलं, पण गेली. घरच्यांनी कॅलेंडरवर तारखेखाली आकडा लिहिला आणि दुपारी वरणात एक मिरची टाकली. झोंबली. तरी ताटातलं सगळं संपवलं.

पतसंस्थेतून येताना तो ठेला लांबून दिसतो. काल तिथे कॉलेजचं दप्तर पाठीवर असलेला एक पोरगा उभा होता आणि आतून तोच आवाज येत होता: "येगरा घोटून देतो, हलका." लेखक थांबला, पोराजवळ गेला आणि त्याला तीन बोटं तोंडात घालून दाखवायला सांगितली. पोराची तिन्ही गेली. मग लेखकाने स्वतःची घालून दाखवली.