हात बाबांनीच हलवायचा आहे

पोरी, उद्या बाबांना घरी सोडणार म्हणालीस, म्हणून रात्रीच लिहायला बसले. माझी उभी हयात फिजिओथेरपीत गेली. त्यातलं तुला रोज लागेल तेवढंच सांगते.

एक गोष्ट आधी मनात पक्की बसव. बाबांच्या हाताला काहीही झालेलं नाही. हाड, स्नायू, मणक्यातून स्नायूपर्यंत येणारी नस, सगळं शाबूत आहे. गुठळी अडकली ती मेंदूच्या उजव्या बाजूला, आणि हालचालीचा हुकूम खाली नेणाऱ्या वाटेला तिथेच इजा झाली. ही वाट मानेच्या जरा वर, मेंदूच्या देठात, बाजू बदलते. म्हणून मेंदू उजवा आणि हात डावा. कपाळाला मात्र दोन्हीकडून हुकूम येतो. तोंड वाकडं झालं तरी त्यांच्या दोन्ही भुवया सारख्या वर जातात, ते त्यामुळे.

म्हणून तेल चोळून हात परत येणार नाही. मालिश हलक्या हाताने जरूर कर, त्यांना बरं वाटेल, पण भिस्त त्यावर ठेवू नकोस. कुणी कबुतराचं रक्त लावायला सांगितलं तर तिथल्या तिथे नाही म्हण, सांगणारा वयाने कितीही मोठा असो. आणि त्या हाताला गरम पाण्याची पिशवी नको. चटका बसलेला त्यांना कळायचा नाही. असे फोड आलेले हात मी पुष्कळ पाहिलेत.

आत्ता हात लुळा आहे. काही दिवसांत, आठवड्यांत तो घट्ट होऊ लागेल. कोपर दुमडेल, मूठ आवळेल, पाय उलट ताठ होईल. येणारेजाणारे म्हणतील, ताकद आली. ती ताकद नव्हे. मणक्यातल्या पेशींवर एरवी मेंदूचा लगाम असतो. तो सुटला की स्नायू ताणला रे ताणला, तो उलट आखडतो. झटका दिलास तर जास्तच आखडेल, सावकाश उघडलास तर सुटेल. मूठ सोडवताना आधी मनगट आतल्या बाजूला वाकव, मग अंगठा बाहेर घे, बोटं शेवटी. थंडी, दुखणं, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, घाई, यातल्या कशानेही आखडणं वाढतं. एखाद्या दिवशी हात फारच घट्ट लागला तर आधी पोट साफ झालं का ते विचार. आणि आवळलेल्या मुठीत स्पंजचा चेंडू देऊन दाबायला लावू नका. मूठ मिटतेच आहे, शिकवायचंय उघडायला.

सगळ्यांत जपायचा तो खांदा. लुळ्या हाताचं ओझं त्या सांध्याला पेलत नाही, तो खाली सरकतो आणि मग महिनोन् महिने ठणकतो. काखेत हात घालून त्यांना उचलू नका, हात धरून ओढू नका. बसले की डावा हात उशीवर. पुढून बटणं असलेला सदरा घ्या; घालताना डावा हात आधी, काढताना शेवटी. पायऱ्या चढताना उजवा पाय पुढे, उतरताना डावा. काठी नेहमी उजव्या हातात.

एखादे वेळी जांभई देताना डावा हात आपोआप वर उचलला जाईल. घरच्यांना आधीच सांगून ठेव. जांभई आपल्या इच्छेने येत नाही, तिची वाट वेगळी. नाहीतर कुणीतरी म्हणेल, 'मघाशी उचललात ना, मग आता का नाही?' असल्या बोलण्याने माणूस पार खचतो.

जेवताना ताटाकडे लक्ष दे. डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड तशीच राहते का? राहत असेल तर ती त्यांना नकोशी झाली असं समजू नकोस. मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघाताचा झटका आला की डोळे चांगले असूनही कधीकधी डावी बाजू ध्यानातच येत नाही. ताट फिरवून देण्यापेक्षा 'डावीकडे बघा' म्हण. ताटाच्या डाव्या काठाशी लाल रुमाल ठेव, बोलायला त्यांच्या डावीकडे बस. जेवण ताठ बसवूनच. पातळ पाण्यानेच ठसका लवकर लागतो. घोटानंतर आवाज ओला, घोगरा आला तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

आता तुला सगळ्यांत जड जाणारी गोष्ट. त्यांचं काम तू करू नकोस. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण मेंदूचे उरलेले भाग त्यांचं थोडंफार काम शिकतात, आणि ते शिकतात त्या माणसाने स्वतः धडपड केली तरच. तू हात हलवलास तर सांधा मोकळा राहील, एवढंच. त्यांना टेबल पुसू दे. मटार सोलताना शेंग डाव्या हाताने धरू दे. निम्मी हालचाल झाली तरी झाली, पण ती दिवसातून पुन्हापुन्हा, शेकडो वेळा व्हायला हवी. बोटं थोडी हलू लागली की चांगला हात अडकवून ठेवून दुबळ्याकडूनच कामं करून घेण्याची एडवर्ड टॉब यांची पद्धत आहे. ती मात्र थेरपिस्टच्या नजरेखालीच. पहिले तीन महिने सुधारणा वेगाने होते, ते पाहुण्यांच्या भेटीगाठींत घालवू नका. सहा महिन्यांनंतर ती संथ होते, थांबत नाही.

रक्तदाबाची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. घरात कुणाचंही तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं जड झालं, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच 108 ला फोन कर आणि तो माणूस शेवटचा धड कधी दिसला ती वेळ लिहून ठेव. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आत देतात, तेही सीटी स्कॅन करून. कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच जिवावर बेतेल. याच कारणासाठी घरी ॲस्पिरिन देऊ नका. रात्रीही सीटी स्कॅन होतो असं जवळचं हॉस्पिटल कोणतं, ते उद्याच विचारून घे आणि त्याचा नंबर फोनजवळ लिहून ठेव.