आष्टीचा कातळ

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात पाऊस बेताचाच पडतो. तेथे विहीर खणणे म्हणजे घरची सारी पुंजी जमिनीत घालणे होय. म्हणून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिक पाहणीस आले, की प्रथम आसपासच्या जुन्या विहिरी न्याहाळतात. वर माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा कातळ.

हा कातळ एके काळी पातळ होता, हे सांगूनही खरे वाटत नाही! सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस वाहिला. एक लोट थिजे; कालांतराने त्यावर दुसरा येई. मधल्या काळात खालचा खडक झिजून त्याची माती होई आणि नव्या रसाच्या आचेने ती विटेसारखी भाजून निघे. काही विहिरींत दिसणारा तांबडा पट्टा तो हाच.

अखंड कातळात पाणी मुरत नाही. ते मुरमात आणि कातळाच्या फटींत साठते. त्यामुळे एकाच बांधाच्या एका अंगाची विहीर भरलेली, तर दुसऱ्या अंगाची कोरडी असू शकते. भूवैज्ञानिक ती कोरडी विहीरही सोडत नाहीत. तिच्यातील फटी कोठे बुजल्या आहेत, हे ते बारकाईने पाहतात.