ज्या घरावर यंदा तारा नाही



आगमनकाळाची चौथी मेणबत्ती पेटली की घराघरांत धांदल सुरू होते. करंज्यांचे सारण, केक, मुलांचे कपडे, पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांची तिकिटे. पाहुण्यांचा आणि पाण्याच्या पाळीचा मेळ कसा घालायचा, हे तर सोलापूरच्या बायकांनाच विचारावे. मिस्सेला पोहोचेपर्यंत जीव इतका शिणतो की प्रवचनात डुलकी लागते. (फादर, क्षमा असावी.)

पण धांदल निभते. मला आज लिहायचे आहे ते ज्या घरावर यंदा तारा लागलेला नाही त्या घराविषयी. वर्षभरात आई गेली, नवरा गेला, तरणाताठा मुलगा गेला, आणि आता त्यांच्यामागे ‘पहिला सण’ आला. दुःखाच्या घरी तळण करत नाहीत. शेजारीपाजारी फराळ नेऊन देतात. रीत चांगली आहे. मात्र त्या घरची माणसे पुष्कळदा नाताळच्या मिस्सेलाही येत नाहीत. “लोकांच्या आनंदात आमचे रडे कशाला?” असे म्हणतात. म्हणजे नाताळ हा सुखी माणसांचा सण आहे, असे आपण सर्वांनी मिळून त्यांना शिकवले आहे. ही शिकवण शुभवर्तमानातली नाही.

२०२० सालचा नाताळ आठवतो ना? कोरोनामुळे २२ डिसेंबरपासून ५ जानेवारीपर्यंत राज्यातल्या महानगरपालिकांच्या हद्दीत रात्री ११ ते सकाळी ६ संचारबंदी होती. मध्यरात्रीची मिस्सा मध्यरात्री होऊ शकली नाही. चर्चमध्ये ५० पेक्षा जास्त माणसे नकोत, साठीच्या पुढच्यांनी आणि दहा वर्षांखालच्या मुलांनी घरीच थांबावे, असे सरकारचे सांगणे होते. कित्येक घरांत तर कोणीतरी कायमचे गेले होते. त्या वर्षी नाताळ झाला नाही, असे कोणी म्हणेल का? प्रभूचा जन्म गर्दीवर अवलंबून नव्हता.

लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय गव्हाणीची चित्रे बाजूला ठेवून वाचून पाहा. सुरुवातच सरकारी हुकुमाने होते. कैसर ऑगस्टची नावनोंदणी, आणि त्यापायी नाझरेथहून बेथलेहेमपर्यंत शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास. म्हणजे इथून विजापूर गाठण्याहूनही थोडे अधिक, तेही दिवस भरत आलेल्या बाईला घेऊन. तिथे उतरायला जागा नाही. पुढे मंदिरात वृद्ध शिमोन बाळाला हातात घेतो, देवाची स्तुती करतो आणि त्याच भेटीत मरियेला तिच्या जिवाला भोसकणाऱ्या तलवारीविषयी सांगून ठेवतो. मत्तयच्या शुभवर्तमानात तर रातोरात मिसर देशाला पळून जावे लागते.

ख्रिस्तसभेने हे दुःख कधी झाकलेले नाही. २५ तारखेच्या दुसऱ्याच दिवशी दगडमार होऊन मेलेल्या संत स्तेफनचा सण येतो. २८ तारखेला निष्पाप बालकांचा सण असतो. हेरोदाने मारलेली बेथलेहेमची ती लेकरे आणि त्यांच्या आयांचा आक्रोश गव्हाणीपासून तीनच दिवसांच्या अंतरावर ठेवलेला आहे. तेव्हा डोळ्यांत पाणी घेऊन गव्हाणीपुढे उभे राहिलेले माणूस सणाला गालबोट लावत नाही. ते अगदी योग्य जागी आलेले असते.

संतांच्या घरीही नाताळची रात्र सोपी नसते. फ्रान्समधल्या लिज्यूच्या संत तेरेझाची आई १८७७ साली वारली, तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. मोठ्या दोघी बहिणी एकेक करून कॉन्व्हेंटमध्ये गेल्या, घर रिकामे होत गेले, आणि ही पोर बोलता बोलता रडू लागे. १८८६ च्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्सेहून परतल्यावर दमलेले वडील तिच्या भेटवस्तूंविषयी वैतागून बोलले, आता हे शेवटचे वर्ष, बरे झाले, अशा अर्थाचे. जिन्यात तिने ते ऐकले. डोळे भरून आले. पण ती खाली आली आणि वडिलांपुढे बसून हसतमुखाने एकेक भेट उघडू लागली. त्या रात्री आपले लक्ष स्वतःवरून दुसऱ्यांकडे वळले, असे तिने पुढे लिहून ठेवले. रडणे चूक होते, असा याचा अर्थ काढू नये. लाजरसच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला. पण दमून वैतागलेल्या बापाचे मन त्या क्षणी तिला आपल्या दुःखापेक्षा जवळचे वाटले.

आईच्या मागे आमच्या घरचा पहिला नाताळ असाच कोरडा गेला. डबे पुष्कळ आले, बहुतेक दारातूनच. २८ तारखेच्या संध्याकाळी शेजारच्या एक मावशी आल्या, बसल्या आणि आईचे नाव घेऊन बोलू लागल्या. तिच्या करंज्यांना मुरड कशी असायची, ती मिस्सेत कुठल्या बाकावर बसायची. आम्ही सगळे रडलो. चार महिन्यांत आमच्यापुढे तिचे नाव कोणी घेतलेच नव्हते. आम्हांला रडू येईल म्हणून सगळे जपत होते. मावशी गेल्यावर वडिलांनी माळ्यावरून खोके काढायला सांगितले. प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत नाताळचा काळ चालतो, त्यामुळे उशीर झाला, असे कोणी म्हटले नाही. त्या रात्री आम्ही गव्हाणी मांडली.