चपट्या माशांच्या पिलांतील अस्थिविकृती

सुरत जिल्ह्यात ओलपाडकडील खाऱ्या जमिनीवर कोळंबीचे तलाव आहेत. लेप, भाकस हे चपटे मासे मात्र समुद्रातूनच येतात. जपान व युरोपात अशा माशांचे संवर्धन होते. त्यांचे पिलू आरंभी इतर माशांसारखे उभे पोहते. पुढे थायरॉइड संप्रेरकाच्या प्रभावाने एक डोळा दुसऱ्या बाजूस सरकतो व मासा कुशीवर पडतो. सांगाडाही याच सुमारास घडत असतो. या अवस्थेत रोटिफर, आर्टेमिया या जिवंत खाद्यातून ‘अ’ जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर गेल्यास मणके विकृत होतात, असे जपानी हिरामे माशात आढळले आहे. पौष्टिक ते जितके अधिक तितके बरे, हा समज येथे महागात पडतो. कारण अशी पिले जगतात, खाद्य खातात, परंतु त्यांना भाव येत नाही.

कोळंबीऐवजी जिताडा सोडू इच्छिणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. जिताड्याचे पिलू पृष्ठभागी येऊन हवा गिळते. पाण्यावर तेलकट तवंग असल्यास वाताशय फुगत नाही व कणा वाकतो. तो पुढे सरळ होत नाही. म्हणून बोटुकली घेतेवेळी काही पांढऱ्या भांड्यात घेऊन वरून व बाजूने पाहावीत.