फुकट ॲप आणि मोकळं ॲप : दुकानाच्या फोनमध्ये मी काय ठेवतो



आजच्या धड्याची सुरुवात मागच्या बॅचमधल्या एका ताईंपासून करतो. ताई घरी शेंगा चटणी आणि कडक भाकरी बनवतात. होटगी रोडच्या दोन-तीन सोसायट्या आणि काही ऑफिसं हे त्यांचं गिऱ्हाईक. महिन्याची उधारी त्या एका फुकटच्या वही-ॲपमध्ये लिहायच्या. एक दिवस फोन पाण्याच्या पिंपात पडला. नवीन फोन घेतला, तेच ॲप टाकलं, पण लॉगिनचा ओटीपी गेला जुन्या नंबरवर, आणि तो नंबर कधीच बंद झालेला. कंपनीला मेल केले, उत्तर आलं नाही. वहीत साधारण अठरा हजारांची उधारी होती.

ताई मला म्हणाल्या, "सर, माल मी दिला, हिशोब मी लिहिला, आणि आता मलाच बघता येईना. असं कसं ओ?"

आठवून आठवून त्यांनी यादी केली. बरेच जण प्रामाणिक निघाले, अकरा हजार परत आले. बाकीचे सात गेले ते गेलेच. चटणीच्या धंद्यात सात हजार म्हणजे किती किलो शेंगदाणे, तुम्हीच हिशोब करा.

ताईंची चूक ॲप फुकट घेतलं ही नव्हती. धंदा नवीन असताना फुकटचंच घ्यावं. चूक एवढीच, की ॲप घेताना "माझा हिशोब मला बाहेर काढता येईल का?" हा प्रश्न विचारला नाही. आजचा सगळा धडा या एका प्रश्नाचा आहे.

फुकट आणि मोकळं यात फरक काय?

फुकट ॲप म्हणजे पैसे न घेता वापरायला दिलेलं. आज फुकट आहे, उद्या महिना नव्व्याण्णव रुपये मागेल, परवा बंदही पडेल. ते पूर्णपणे मालकाच्या हातात.

ओपन सोर्स, म्हणजे मोकळं ॲप, वेगळं असतं. आपल्या चटणीचंच उदाहरण घ्या. एक दुकानदार चटणीचं पाकीट फुकट देतो, पण कृती सांगत नाही. दुसरा पाकिटासोबत पूर्ण कृती छापून देतो आणि म्हणतो, तुम्हीही बनवा, बदल करा, वाटा. पहिल्याचं दुकान बंद झालं की चटणी संपली. दुसऱ्याचं बंद झालं तरी शेजारची मावशी तीच चटणी बनवू शकते. ॲपची 'कृती' म्हणजे त्याचा सोर्स कोड. तो उघडा असला की ॲप गुपचूप काय करतं, हे जाणकार माणूस तपासू शकतो.

ही नुसती कल्पना नाही, असं घडलंय. सिंपल मोबाइल टूल्स नावाचा ॲप्सचा संच होता : गॅलरी, कॅलेंडर, कॉन्टॅक्ट्स, फाइल मॅनेजर, सगळं जाहिरातीशिवाय. २०२३ च्या शेवटी मूळ मालकाने तो दुसऱ्या कंपनीला विकला. विकण्याचा त्याला हक्क होताच. पण कोड मोकळा होता, म्हणून त्यावर आधीपासून काम करणाऱ्यांनी तोच कोड घेऊन 'फॉसिफाय' या नावाने संच पुढे चालू ठेवला. वापरणाऱ्यांना तशीच ॲप्स मिळत राहिली. बंद ॲपच्या बाबतीत हे होऊच शकत नाही.

मिळतात कुठे?

एफ-ड्रॉइड हे २०१० पासून चालू असलेलं ॲप-दुकान आहे. तिथे फक्त मोकळी ॲप्स मिळतात, आणि एखाद्या ॲपमध्ये खटकण्यासारखं काही असेल तर तशी पाटी लावलेली असते. ते प्ले स्टोअरवर मिळत नाही, त्याच्या अधिकृत वेबसाइटवरूनच उतरवावं लागतं.

पण इथे एक कडक सूचना. व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका', 'वाहनाचं चलान', 'बँक केवायसी' अशा नावाने एपीके फाइल येते. ती उघडून लोकांची खाती रिकामी झालीत. एफ-ड्रॉइडसाठी ब्राउझरला दिलेली 'अनोळखी ॲप' ही परवानगी काम झालं की लगेच बंद करा. व्हॉट्सॲपला ही परवानगी कधीच देऊ नका. जमणार नाही असं वाटत असेल तर एफ-ड्रॉइडच्या नादी लागू नका. खालची बहुतेक ॲप्स प्ले स्टोअरवरही आहेत. फक्त सारख्या नावाची नकली ॲप्स असतात, म्हणून बनवणाऱ्याचं नाव बघून घ्या. इंग्रजी स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर दिलंय.

माझी निवड

१. लोकलसेंड : फोटो आणि फाइल पाठवायला. चादर, टॉवेल, युनिफॉर्म विकणाऱ्यांनी हे आधी घ्यावं. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो, विणकामातला बारकावा जातो. लोकलसेंड एकाच वायफायवरच्या दोन उपकरणांमध्ये मूळ फाइल जशीच्या तशी पाठवतं. अँड्रॉइड, आयफोन, विंडोज सगळ्यावर चालतं. वायफाय नसेल तर एका फोनचा हॉटस्पॉट लावा. इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही, केबल शोधावी लागत नाही.

२. ओपन कॅमेरा : मालाचे फोटो काढायला. फोनचा नेहमीचा कॅमेरा प्रत्येक फोटोत रंग आपल्या मनाने बदलतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, "फोटोत मरून होतं, आलं तर लाल." या ॲपमध्ये उजेड आणि व्हाइट बॅलन्स लॉक करता येतो. सकाळी खिडकीजवळ पांढऱ्या कागदावर एकदा लॉक करा, मग त्याच उजेडात सगळा माल काढा. सगळे फोटो एकसारखे येतात. रंगाच्या कारणाने माल परत येणं माझ्याकडे यामुळेच कमी झालं.

३. कोलाबोरा ऑफिस : उधारी आणि मालाचा हिशोब. हे लिबरऑफिसवर बनलेलं आहे. एक्सेलची फाइल उघडतं, बदलतं, जतन करतं. उधारीसाठी पाच रकाने पुरेत : तारीख, नाव, दिलेला माल, रक्कम, जमा. वही-ॲपसारखे आपोआप मेसेज जाणार नाहीत, ते तुम्हालाच करावे लागतील. पण फाइल तुमची असते. फोनमध्ये, कॉम्प्युटरवर, पेन ड्राइव्हवर, कुठेही ठेवा आणि कुठल्याही ऑफिस ॲपमध्ये उघडा. एक्सेलच येत नाही म्हणणाऱ्यांसाठी : आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिबरऑफिसचे धडे मराठीतून फुकट ऐकायला मिळतात.

४. माय एक्स्पेन्सेस : रोजचा गल्ला. दिवसाची जमा आणि खर्च टाकायला सोपं. काही जादा सोयींना पैसे पडतात, पण साध्या हिशोबाला फुकट भाग पुरतो. महत्त्वाचं म्हणजे सगळ्या नोंदी सीएसव्ही फाइल करून बाहेर काढता येतात. आमचा प्रश्न इथे पास! घरखर्च आणि दुकान यांची खाती मात्र वेगळी उघडा. गल्ल्यातून दूध-भाजी आणली की नफा कुठे गेला ते कळत नाही.

५. बायनरी आय : बारकोड आणि क्यूआर वाचायला. जाहिराती नाहीत. क्यूआरमध्ये काय लिहिलंय ते आधी अक्षरात दिसतं, उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवता. अनोळखी क्यूआर थेट उघडण्यापेक्षा हे बरं. स्कॅन केलेल्यांची यादीही राहते, ती बाहेर काढून माल मोजणीला वापरता येते.

६. एजिस आणि कीपासडीएक्स : कुलूप आणि किल्ली. इन्स्टाग्राम पेज हेच अनेकांचं दुकान आहे. ते दुसऱ्याच्या ताब्यात गेलं तर शटरच पडलं समजा. एजिस लॉगिनसाठी दुसरा आकडा तयार करतं, आणि त्याची कुलूपबंद प्रत बाहेर काढून ठेवता येते. कीपासडीएक्स सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये कुलूपबंद ठेवतं. धोकाही सांगतो : मुख्य पासवर्ड विसरलात तर कोणीही उघडून देऊ शकत नाही. तो कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा, दुकानात नको.

७. ऑरगॅनिक मॅप्स : नेट नसताना रस्ता. महाराष्ट्राचा नकाशा एकदा वायफायवर उतरवून घ्या. मग अक्कलकोट, मंगळवेढ्याकडच्या गावात रेंज गेली तरी रस्ता दिसतो. हा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, २००४ मध्ये सुरू झालेला, लोकांनी मिळून बनवलेला. त्यामुळे काही बोळ किंवा दुकानं सापडणार नाहीत. तुमचं दुकान नसेल तर ॲपमधूनच टाका, पैसे लागत नाहीत.

८. हेलिबोर्ड : कीबोर्ड. आपण फोनवर जे जे टाइप करतो ते सगळं कीबोर्डमधून जातं. हेलिबोर्ड इंटरनेटची परवानगीच घेत नाही. मराठीसोबत तेलुगू आणि कन्नडही आहे, म्हणजे सोलापूरच्या गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत उत्तर देता येतं. कमतरता ही, की इंग्रजीत 'नमस्कार' लिहिलं तर ते मराठीत होत नाही, देवनागरी अक्षरंच दाबावी लागतात. हात बसायला आठवडा लागतो.

जिथे मोकळी ॲप्स चालत नाहीत

मी कुठल्याही ॲपचा प्रचारक नाही, म्हणून उणी बाजूही ऐका.

यूपीआयसाठी बँकेचं किंवा मान्यता असलेलंच ॲप लागतं. तिथे प्रयोग नको. फोनवर जीएसटीची बिलं बनवायला वरच्या यादीतलं एकही ॲप पुरेसं नाही. बिलिंगचं चांगलं सॉफ्टवेअर विकत घ्या, पण घेताना तोच प्रश्न विचारा : माझी माहिती एक्सेलमध्ये निघते का? धंदा मोठा झाला, दोन-तीन माणसं संगणकावर बसू लागली, की मग ईआरपीनेक्स्ट बघा. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने बनवलेलं हे सॉफ्टवेअर मोकळं आहे. पण ते बसवायला जाणकार लागतो, एकट्या दुकानदाराने पहिल्या वर्षी त्यात पडू नये.

दुसरं, या ॲप्सना कस्टमर केअरचा नंबर नसतो. बऱ्याच ठिकाणी मेनू अजून अर्धवटच मराठीत आहे. तिसरं आणि मोठं : माहिती तुमच्या हातात, म्हणजे जपण्याची जबाबदारीही तुमची. फोन हरवला आणि प्रत काढलेली नसेल, तर मोकळं ॲपही काही करू शकत नाही. ताईंच्या जागी मी कोलाबोरा वापरत असतो आणि फाइल फक्त त्याच फोनमध्ये असती, तर माझेही पैसे पिंपात गेले असते.

म्हणून नियम : दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीला तीन प्रती. एक फोनमध्ये, एक कॉम्प्युटर किंवा पेन ड्राइव्हवर, एक घराबाहेर, म्हणजे मेलवर किंवा भावाकडे. दहा मिनिटांचं काम आहे.

गृहपाठ

१. आज तुमच्या उधारीच्या ॲपमध्ये 'एक्स्पोर्ट' किंवा 'डाउनलोड' शोधा. फाइल काढा आणि दुसऱ्या फोनवर उघडून बघा. उघडली तर ॲप बदलायची काही गरज नाही. नाही उघडली, तर नवीन नोंदी आजपासून दुसरीकडे.

२. त्या ॲपमध्ये कुठला मोबाइल नंबर नोंदवलाय ते बघा. बंद नंबर असेल तर आत्ता बदला.

३. सेटिंगमध्ये जाऊन ॲप्सच्या परवानग्या बघा. टॉर्चच्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट कशाला हवेत? काढून टाका.

४. वरच्यातलं एकच ॲप निवडा आणि पंधरा दिवस वापरा. सगळी एकदम टाकू नका.

आणि एखादं ॲप वर्षभर कामाला आलं, तर बनवणाऱ्यांना शंभर-दोनशे रुपये देणगी द्या, किंवा मराठी भाषांतराला हात लावा. फॉसिफाय आणि एफ-ड्रॉइडचं भाषांतर कोणीही घरी बसून करू शकतं. आपण गिऱ्हाइकाला म्हणतो ना, घेतलं तर पैसे द्या, तसंच.

त्या ताई आता पाच रकान्यांची शीट वापरतात. दर रविवारी मुलगी तिची प्रत काढून स्वतःच्या मेलवर पाठवते. मागच्या महिन्यात त्यांचा फोन पुन्हा बिघडला. दुरुस्तीला दिला, मुलीच्या फोनवर शीट उघडली आणि त्याच संध्याकाळी वसुलीला निघाल्या.

गृहपाठ करताना अडलं तर व्हिडिओखाली विचारा, मी स्वतः उत्तर देतो. पुढच्या भागात बघू : उधारी द्यायची कोणाला आणि थांबवायची कधी.