टंचाईतील भाववाढ आणि सम्यक आजीविका

पूर येतो, वादळ होते, रस्ते बंद पडतात आणि लगेच तांदूळ, पीठ, मेणबत्त्या, पिण्याचे पाणी यांचे भाव चढू लागतात. व्यापारी म्हणतो, "मालच नाही, भाव वाढणारच." धम्माच्या दृष्टीने हे कितपत रास्त आहे?

अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचे. त्यांत धान्य नाही. तेव्हा धान्याचा व्यापारी सुटला, असे कोणी म्हणेल. परंतु मज्झिम निकायातील महाचत्तारीसक सुत्तात मिथ्या आजीविकेची लक्षणे सांगताना लाभाच्या जोरावर आणखी लाभ उकळण्याची हावही गणली आहे. म्हणजे माल कोणता एवढेच पाहून भागत नाही, तो कसा विकला हेही पाहावे लागते.

सेरिवाणिज जातकात दोन फेरीवाले आहेत. विपन्नावस्थेतील एका आजी-नातीपाशी काजळलेले सोन्याचे ताट असते, पण ते सोन्याचे आहे हे त्यांना ठाऊक नसते. पहिला फेरीवाला सुईने ओरखडा काढून सोने ओळखतो आणि फुकटात मिळावे म्हणून ते कवडीमोलाचे ठरवून फेकून देतो. दुसरा खरी किंमत सांगतो, जवळचे सर्व धन व माल देऊन टाकतो आणि फक्त आठ नाणी, तराजू व पिशवी मागून घेतो. ती आठ नाणी तो नावाड्याला देतो. लक्षात घ्या, यात दुसऱ्यालाही मोठा नफा झालाच आहे. कथेचा रोख नफ्यावर नाही. समोरच्याच्या अगतिकतेवर भाव ठरवण्यावर आहे. नावेचे भाडे मात्र रास्त.

भाववाढीचे समर्थक सांगतात की, चढा भाव पाहून बाहेरचा माल आपोआप धावत येतो. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. परंतु तो बंगालच्या अनुभवावर तपासून पाहिला पाहिजे.

१६ ऑक्टोबर १९४२ रोजी मिदनापूरच्या किनाऱ्यावर भीषण वादळ आले आणि भातपिकाचे नुकसान झाले. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तिकडचा तांदूळ आधीच बंद होता. जपानी सैन्याच्या भीतीने सरकारने किनारपट्टीतील होड्याही काढून घेतल्या होत्या. डिसेंबरात कलकत्त्यास तांदूळ मणाला १३-१४ रुपये होता. मार्च १९४३ मध्ये सरकारने भावनियंत्रण उठवले. मे महिन्यात भाव ३० च्या वर गेला, ऑगस्टात ३७ वर. मे महिन्यात पूर्वेकडील प्रांतांत धान्याचा व्यापार खुला केला, तेव्हा बिहार-ओरिसातही भाव भडकले आणि ती सवलत लवकरच मागे घ्यावी लागली.

अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, मेले ते प्रामुख्याने भूमिहीन शेतमजूर, कोळी, भात कांडणारे, ओझी वाहणारे. कारण भाव वाढले तशी त्यांची मजुरी वाढली नाही. त्यांच्या अंदाजाने मृत्युसंख्या तीस लाखांच्या घरात जाते. कलकत्त्यातील कारखान्यांच्या कामगारांना मात्र स्वस्त धान्य मिळत होते. भाव धान्याला गरजेकडे नेत नाही, पैशाकडे नेतो. आणि आपत्तीत ज्याचे घर वाहून गेले त्याच्याच हाती पैसा नसतो.

म्हणून भेद करावा लागतो. लांबून, चिखलातून माल आणणाऱ्याने वाढीव भाडे, नासधूस आणि आपले कष्ट किमतीत धरले, तर त्यास दोष देता येणार नाही. वादळापूर्वीच्या दराने गोदामात भरलेले पोते वादळानंतर दुप्पट भावाने विकणाऱ्याचा खर्च कुठे वाढला?

केवळ कायद्याने हे सुटते असेही नाही. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत केंद्र सरकारने जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली तीन पदरी मुखपट्टीस दहा रुपये आणि २०० मिलिलिटर सॅनिटायझरला शंभर रुपये अशी कमाल किंमत ठरवली. भाव बांधला, पण पुरेसा माल पुरवला नाही, तर तो मागच्या दाराने जातो. भाव बांधण्याबरोबर माल पुरवण्याची आणि ज्याच्याजवळ दमडी नाही त्याला तो फुकट देण्याची व्यवस्था सरकारला करावीच लागते.