अनवाणी पाय आणि देहाचे उपजत पहारेकरी

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेत शरीरशास्त्रावर लिहावे, याचे माजी विद्यार्थ्यांना व पालकांना नवल वाटेल. परंतु या लेखामागे एका विद्यार्थ्याचे ऋण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी वसतिगृहातील एक मुलगा वर्गात सतत पेंगत असे. त्याला आळशी ठरवून आम्ही वर्गाबाहेर उभे केले. पुढे आरोग्य तपासणीत त्याचे हिमोग्लोबिन फारच कमी निघाले आणि पोटात अंकुशकृमी, म्हणजे हुकवर्म, आढळले. दोष स्वभावात नव्हता, रक्तात होता. तेव्हापासून हा विषय आम्ही मुळातून समजून घेतला.

अंकुशकृमी हा सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा जंत. उघड्यावरील शौचातून त्याची अंडी ओलसर मातीत मिसळतात. त्यांतून निघालेल्या अळ्या अनवाणी पायाच्या त्वचेतून देहात शिरतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरो येथे आर्थर लूस या जर्मन संशोधकाच्या हातावर अळ्या असलेले पाणी सांडले. हात खाजू लागला आणि पुढे त्यांच्याच विष्ठेत या जंताची अंडी सापडली. तेव्हा हा मार्ग जगाला उमगला. अळी रक्तातून फुप्फुसात, तेथून घशात आणि गिळली जाऊन लहान आतड्यात पोहोचते. तेथे आतड्याच्या अस्तराला चिकटून जंत रक्त शोषतो.

देह यावर स्वस्थ बसत नाही. जन्मतः लाभलेली, पूर्वानुभवाची वाट न पाहणारी जी संरक्षणव्यवस्था, तिला उपजत प्रतिकारशक्ती म्हणतात. त्वचा हा तिचा पहिला तट. तो भेदला गेला की तेथील पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात. पायाला सुटणारी खाज हे या झटापटीचेच चिन्ह होय.

एरवी भक्षक पेशी सूक्ष्म जीवाणूला गिळून टाकतात. पण येथे शत्रू पहारेकऱ्याहून कित्येक पटींनी मोठा! म्हणून देह युद्धाची रीत बदलतो. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अळीला वेढतात आणि आपल्या कणांतील विषारी प्रथिने तिच्यावर ओततात. रक्ततपासणीत या पेशी वाढलेल्या दिसल्या की डॉक्टरांना जंताची शंका येते, ती यामुळेच. आतड्याच्या अस्तरातील काही पेशी जंताची चाहूल घेतात. त्यांच्या संदेशाने बुळबुळीत स्राव वाढतो, आतड्याचे स्नायू अधिक जोराने आकुंचन पावतात आणि जंताला बाहेर लोटण्याचा प्रयत्न होतो. ही यंत्रणा मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांतून उलगडली आहे.

मग जंत टिकतो कसा? तो स्वतः असे पदार्थ स्रवतो की पहारेकऱ्यांची धार बोथट होते. त्यामुळे माणसाच्या आतड्यात तो अनेक वर्षे राहू शकतो. शिवाय एकदा जंत पडून गेले तरी देहाला कायमचे संरक्षण लाभत नाही. त्याच मातीतून अनवाणी चालल्यास पुन्हा लागण होते.

इतिहासाचा एक दाखला येथे आठवतो. अमेरिकेच्या दक्षिण भागातील गरीब शेतकरी व मजूर आळशी म्हणून हिणवले जात. 1902 मध्ये चार्ल्स स्टाइल्स या शास्त्रज्ञांनी त्यांच्या दुर्बलतेमागे अंकुशकृमी असल्याचे दाखवले, तर वृत्तपत्रांनी त्याला ‘आळसाचा जंतू’ असे नाव देऊन टाकले. रोग सापडला, तरी कलंक पुसला गेला नाही. ज्याला पायताण मिळाले नाही, त्याच्याच माथी आळसाचा शिक्का मारावा, हा अन्याय आमच्या वर्गातही घडला होता आणि तो आमच्याच हातून.

देहाचे पहारेकरी एकटे पुरे पडत नाहीत. त्यांच्या मदतीला समाजाने धावून जावे लागते. शौचालय, पायात चप्पल, हातांना साबण, रक्त वाढवणारा आहार आणि वेळेवर जंताची गोळी ही ती कुमक. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी मोफत दिली जाते. पालकांनी ती चुकवू नये.

तो मुलगा उपचारानंतर काही महिन्यांत आपणहून पहिल्या बाकावर येऊन बसला. आजही वर्गात एखादे मूल पेंगताना दिसले, की आम्ही रागावण्याआधी त्याचे डोळे, नखे आणि पाय पाहतो.